शाखा अनेक, संशोधनाच्या वाटा अनेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळा नाही, मोजमाप नाही. मग इतिहास-साहित्यातल्या कामाला संशोधन का म्हणायचं?

कारण तिथंही दावा खोटा ठरवता येतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं पश्चिमेकडच्या प्रदेशांची सत्ता पोपकडे सोपवली, असं सांगणारं एक दानपत्र युरोपात कित्येक शतकं अस्सल म्हणून चाललं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्लानं ते बनावट असल्याचं दाखवून दिलं. त्याच्याकडे ना सूक्ष्मदर्शक होता ना रसायनं. त्यानं भाषा तपासली. चौथ्या शतकातलं म्हणवणाऱ्या या लॅटिन मजकुरात सम्राटाच्या अधिकाऱ्यांसाठी ‘सत्रप’ हा शब्द येतो. त्या काळच्या रोमन कारभारात असं पदच नव्हतं. शब्दाचं वय हा पुरावाच आहे.

सगळेच प्रश्न असे एका फटक्यात निकाली निघत नाहीत, हे खरं. एखाद्या कवितेच्या अर्थाबद्दलचं म्हणणं खरं-खोटं ठरत नाही, पण कमी-जास्त टिकाऊ नक्की ठरतं. ते कवितेतल्या किती ओळींचा उलगडा करतं, कुठल्या ओळी त्याला सोयीस्करपणे गाळाव्या लागतात, कवीच्या काळात त्या शब्दाला तो अर्थ होता का, हे सगळं तपासता येतं.

मग सगळ्या शाखांत समान असं काय असतं?

आपलं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल, याची सोय आधीच करून ठेवणं. भौतिकशास्त्रज्ञ ती उपकरणात करतो, गणिती सिद्धतेत, इतिहासकार तळटिपांत. तळटीप ही विद्वत्तेची झालर समजली जाते. खरं तर ती वाचकाच्या हाती दिलेली किल्ली असते, जा आणि स्वतः बघून ये म्हणून. खालची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

गणितात लाखो उदाहरणं तपासून पाहिली तरी ती पुरेशी का नसतात?

१९१९ साली पोल्या या गणितज्ञानं एक अंदाज मांडला: कुठल्याही मर्यादेपर्यंतच्या संख्या घ्या, त्यांतल्या निदान निम्म्या संख्यांच्या मूळ अवयवांची गणती विषम भरेल. लहान संख्या तपासत गेलं की अंदाज बरोबर येतो, येतच राहतो. तो पहिल्यांदा मोडतो ९०,६१,५०,२५७ या संख्येपाशी. नव्वद कोटी वेळा ‘बरोबर’ आलेली गोष्ट चुकीची निघाली. निसर्गविज्ञानात इतका पुरावा म्हणजे चैन झाली असती.

सिद्धतेतली फट मात्र वाचूनच सापडते. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये जाहीर केली. छापण्यापूर्वीच्या परीक्षणात तिच्यात एक खरीखुरी फट निघाली. ती बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला आणि प्रसिद्धी १९९५ मध्ये झाली.

कुठं ०.०५ पुरतं, तर कुठं ‘५ सिग्मा’ लागतो. विज्ञानात एकच माप का नाही?

चुकण्याची किंमत आणि शोधाची जागा किती मोठी आहे, यावर माप ठरतं. कणभौतिकीत आलेखावर हजारो ठिकाणी ‘उंचवटा’, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त नोंदी, दिसतो का हे पाहिलं जातं. इतक्या ठिकाणी पाहिलं की कुठंतरी योगायोगानं दिसणारच. म्हणून तिथं ५ सिग्माची अट आहे: नवा कण नसतानाही एवढा मोठा उंचवटा निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत १. हिग्ज कणाची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली ती ही पायरी गाठल्यावरच.

वैद्यक, मानसशास्त्र, कृषिशास्त्र इथं ०.०५ रूढ आहे, म्हणजे परिणाम नसतानाही असे आकडे निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता २० मध्ये १ हून कमी असेल, तर निष्कर्ष ‘लक्षणीय’ मानतात. गडबड इथं होते: एकाच माहितीवर २० वेगवेगळ्या स्वतंत्र चाचण्या लावल्या, तर प्रत्यक्षात काहीच परिणाम नसतानाही निदान एक ‘लक्षणीय’ निष्कर्ष हाती येण्याची शक्यता ६४ टक्के होते. तेवढाच छापायचा आणि उरलेल्या १९ चाचण्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही लबाडी अनेकदा नकळत होते. यावर उपाय म्हणजे पूर्वनोंदणी. कुठलं मापन मुख्य, किती नमुने, कुठली चाचणी, हे माहिती गोळा करण्याआधी लिहून तारखेसह नोंदवायचं. नंतर सुचलेलं विश्लेषण करायला बंदी नाही. ते नंतर सुचलं, एवढं लिहायचं.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष लक्षणीय होते. पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं.

नमुना किती मोठा हवा?

‘किमान ३०’ हा आकडा विसरा. किती बारीक फरक पकडायचा आहे, हे आधी ठरवावं लागतं. दोन गटांच्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप) फरक असेल आणि तो ८० टक्के खात्रीनं पकडायचा असेल, तर ०.०५ या पातळीला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक ०.२ प्रमाण विचलन एवढा बारीक असेल तर प्रत्येक गटात सुमारे ३९४. फरक निम्मा झाला की नमुना चौपट होतो. विद्यार्थी बहुधा हाताशी आहेत तेवढे नमुने घेतात आणि मग ‘फरक आढळला नाही’ असं लिहितात. फरक असता तरी तो दिसलाच नसता, हे लिहायचं राहून जातं.

जनमत सर्वेक्षणात १,००० जणांचा यादृच्छिक नमुना साधारण ±३ टक्के-बिंदूंची अचूकता देतो. लोकसंख्या १० लाख असो की १०० कोटी, त्यानं जवळपास काही बिघडत नाही. बिघडतं ते निवड एकांगी असली की. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे २० लाखांहून अधिक उत्तरं आली होती, तरी भाकीत सपशेल आपटलं. ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी जिंकली. पत्ते घेतले होते ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, तेही मंदीच्या काळात. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे सारख्या मताचे नव्हते.

प्रयोगशाळेत आणखी एक सापळा असतो. ३ उंदीर घेतले आणि प्रत्येकाच्या १०० पेशी मोजल्या, तर नमुना ३०० नाही, ३ आहे. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असतात. एकाच वर्गातले विद्यार्थी, एकाच कुंडीतली रोपं, एकाच घरातली माणसं यांचंही तेच. ज्या पातळीवर उपचार वाटून दिला, ती पातळी मोजायची.

बारा-पंधरा मुलाखतींवर प्रबंध? हे कसं काय चालतं?

प्रश्न ‘किती टक्के लोक’ असा असेल तर चालत नाही. ‘लोक या गोष्टीचा अर्थ कसा लावतात’ असा असेल तर चालतं. इथं थांबायची खूण म्हणजे संपृक्तता: नव्या मुलाखतीतून नवा मुद्दा येईनासा होतो. २००६ मधल्या एका बहुचर्चित अभ्यासात ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मध्येच येऊन गेलेले दिसले. पण तो गट बराचसा एकजिनसी होता आणि प्रश्न ठरलेले होते. वेगवेगळ्या वयाची, व्यवसायांची, भागांतली माणसं असतील तर प्रत्येक गटासाठी निराळा हिशोब धरावा लागतो.

कामाचा अंदाज इथं हमखास चुकतो. तासाभराचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला ४ ते ६ तास लागतात. दोघं-तिघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. यंत्रानं मजकूर उतरवला तरी बोलीतले शब्द, विशेषनामं आणि अर्धवट सोडलेली वाक्यं ऐकत ऐकत दुरुस्त करावी लागतातच. मग कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना मुद्द्यांनुसार लेबलं लावणं. एका कोडची व्याख्या, त्यात काय येतं, काय येत नाही आणि एक नमुना उतारा, एवढं कोडपुस्तकात हवंच. दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग करून ताळा घ्यायचा तर नुसती टक्केवारी देऊ नका. ९० टक्के उतारे एकाच कोडमध्ये जात असतील, तर डोळे मिटून वाटले तरी ८२ टक्के जुळतात. अशा वेळी ‘९० टक्के एकमत’ ऐकायला भारी वाटतं, पण योगायोगानं जुळणारा भाग वगळून एकमत मोजणारा कोहेनचा कप्पा येतो जेमतेम ०.४४; पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो.

जुन्या पोथ्यांचं संपादन म्हणजे नक्कल करून छापणं. त्यात संशोधन ते काय?

हा गैरसमज फार जुना आहे, म्हणून जरा सविस्तर.

मूळ प्रत हरवलेली असते. हाती असतात नकलांच्या नकला, आणि प्रत्येक लेखनिकानं आपापली भर घातलेली. संपादक आधी उपलब्ध पोथ्यांची यादी करतो: लिपी, काळ, पानं, कुठं खंडित आहे. मग एक प्रत आधाराला धरून बाकीच्या प्रती ओळीओळीनं ताडून पाहतो आणि प्रत्येक पाठभेद टिपतो. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तिला आडवाट नाही.

चुका ठरावीक जातीच्या असतात. दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द आला की लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली ओळ गळते. समासातली टीप मजकुराचा भाग समजून आत घेतली जाते. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होते. या चुकाच उपयोगी पडतात: दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्यांचा पूर्वज एक. अशा रीतीनं पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

इथं बहुमत चालत नाही. एका सदोष प्रतीवरून केलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, एकच. दोन पाठांपैकी अवघड पाठाला सहसा झुकतं माप मिळतं, कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. अर्थात अवघड म्हणजे निरर्थक नव्हे. नवशिके इथंच घसरतात. आणि लेखनिकानं समोर दोन-दोन पोथ्या ठेवून दोन्हींतलं निवडून लिहिलं असेल, तर वंशावळीचे धागे एकमेकांत गुंततात आणि शुद्ध वृक्ष उभाच राहत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. पानाखालचे पाठभेद हा त्या आवृत्तीचा आत्मा आहे: संपादकानं निवडलेला पाठ पटला नाही तर वाचकाला दुसरा निवडता यावा, अशी ती व्यवस्था आहे.

अभिलेखागारातला कागद खरा मानायचा की नाही, हे कसं ठरवतात?

आधी बाहेरून: कागद, शाई, अक्षराचं वळण, शिक्का, तारीख लिहायची पद्धत. मग आतून: लिहिणाऱ्याला ही गोष्ट माहीत असणं शक्य होतं का, त्यानं ती कुणासाठी लिहिली, त्याचा फायदा कशात होता. शेवटी दुसरा, स्वतंत्र पुरावा. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. तीन बखरी एकीवरून दुसरी उतरलेली असतील तर पुरावा एकच. आणि बनावट कागदही टाकाऊ नसतो. तो कुणी, केव्हा, कशाला बनवला, हा वेगळा संशोधनविषय होतो.

तारखा हमखास दगा देतात. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद त्या काळच्या कागदांत ३० जानेवारी १६४८ असा सापडतो; आपण १६४९ म्हणतो. रशियातली ‘ऑक्टोबर’ क्रांती आपल्या दिनदर्शिकेनुसार ७ नोव्हेंबर १९१७ ची.

टिपणं घेताना दप्तराचं नाव, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) किंवा फाइल क्रमांक, पान क्रमांक आणि पानाची बाजू हे चारही लिहा. छायाचित्रं काढत असाल तर प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं छायाचित्र त्याच्या लेबलाचं असू द्या. लेबल नसलेली ८० पानांची छायाचित्रं सहा महिन्यांनी कुठलीच राहत नाहीत.

प्रयोगात सगळं काटेकोर केलं तरी चुकतं कुठं?

बहुधा कंटाळवाण्या जागी. २०११ मध्ये न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगानं गेल्याचं मापन जाहीर झालं: सुमारे ७३० किलोमीटरच्या प्रवासात ते ६० नॅनोसेकंद आधी पोचले होते. मुख्य कारण पुढं निघालं नीट न बसवलेली एक ऑप्टिकल केबल. संशोधकांनी मोजणी जशी आली तशी मांडून इतरांना चूक शोधायला सांगितलं होतं, हे विसरू नये.

जीवशास्त्रात पेशींच्या मालिकाच बदललेल्या निघतात. १९५१ मध्ये वेगळ्या केलेल्या हेला नावाच्या कर्करोगाच्या पेशी इतक्या झपाट्यानं वाढतात की दुसऱ्या भांड्यात चुकून एखादा थेंब गेला तरी काही पिढ्यांत त्याच उरतात. मग यकृताच्या पेशी समजून वर्षानुवर्षं भलत्याच पेशींवर काम चालतं. नवी पेशीमालिका आली की, आणि लांबलेल्या कामात मधूनमधूनही, डीएनए ओळख-चाचणी करून घ्यायची.

त्याखेरीज: नियंत्रण गट एका दिवशी आणि उपचार गट दुसऱ्या दिवशी मोजला, तर दिसलेला फरक उपचाराचा की दिवसाचा, हे नंतर कुठलीही सांख्यिकी सांगू शकत नाही. नमुने मिसळून, क्रम यादृच्छिक करून मोजा, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसू दे.

निष्कर्ष ‘नकारात्मक’ आला तर काम वाया गेलं का?

नाही, पण नमुना पुरेसा होता हे दाखवता आलं पाहिजे. ‘परिणाम आढळला नाही’ यापेक्षा ‘परिणाम असलाच तर इतक्याहून मोठा नाही’ असं विश्वास-अंतरासह, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांत असावा ती देऊन, लिहावं.

शोधनिबंधावरच्या नावांचा क्रम काय सांगतो?

शाखेवर अवलंबून. प्रायोगिक जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम केलेल्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. गणितात आणि बऱ्याच अंशी अर्थशास्त्रात क्रम वर्णानुक्रमे, त्यामुळे पहिलं नाव असण्याला अर्थ नाही. मानव्यविद्यांत बहुधा एकच नाव. आणि कणभौतिकीत २०१५ च्या एका शोधनिबंधावर ५,१५४ नावं होती. ३३ पैकी २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्थांनीच व्यापली. निवड समितीत वेगवेगळ्या शाखांची माणसं असतील तर हे सांगावं लागतं.

उद्धरणांच्या आकड्यांवरून दोन शाखांची तुलना करता येते का?

नाही. नियतकालिकाला दिला जाणारा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा मागच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेली उद्धरणं मोजतो. गणितातला किंवा इतिहासातला लेख दहा-वीस वर्षांनी उद्धृत होतो, आणि इतिहासातलं बरंचसं काम ग्रंथरूपानं येतं. ते त्या हिशोबात बसतच नाही.

समकक्ष परीक्षणात नेमकं काय तपासलं जातं, आणि किती वेळ लागतो?

संपादक आधी स्वतः वाचतो. बरेच लेख तिथूनच परत जातात. उरलेले साधारण दोन-तीन परीक्षकांकडे जातात. काही आठवडे ते काही महिने लागतात. गणितात सिद्धता ओळीओळीनं वाचायची असल्यानं वर्षही उलटतं. परीक्षक प्रयोग पुन्हा करत नाहीत आणि मूळ आकडेही सहसा उलगडून पाहत नाहीत. म्हणून ‘परीक्षित’ म्हणजे ‘सिद्ध’ नव्हे. १९९८ मध्ये लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा लेख परीक्षणातून पार पडला होता. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं.

शेरे आले की प्रत्येकाला क्रमांक द्या, खाली उत्तर लिहा आणि बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत केला ते सांगा. शेरा पटला नाही तर तसं लिहिता येतं, कारणासकट. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर बहुधा तुमचं वाक्य संदिग्ध होतं, ते सुधारा.

नैतिक परवानगी फक्त वैद्यकीय संशोधनाला लागते ना?

नाही. जिवंत माणसांकडून माहिती घेणाऱ्या जवळपास सगळ्या कामाला ती लागू शकते, मौखिक इतिहास आणि भाषाशास्त्र धरून. नियम कडक झाले ते घडलेल्या अन्यायांमुळे. अमेरिकेतल्या टस्कीगी अभ्यासात १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना नुसता पाहत ठेवला गेला, पेनिसिलीन हाताशी आल्यानंतरही.

मानव्यविद्यांत धोका वेगळा असतो. नाव बदललं तरी ‘वस्तीतली एकमेव सुईण’ कोण, हे सगळ्यांना कळतं. तेव्हा वय, व्यवसाय, नातं यांपैकी काय धूसर करायचं ते आधी ठरवा. संमती मागे घेता येईल का आणि केव्हापर्यंत, हे मुलाखतीपूर्वी सांगा. काम झाल्यावर परवानगी मागितली तर ती सहसा मिळत नाही, आणि जमवलेली माहिती वापरता येत नाही.

दोन शाखांच्या सीमेवरचा विषय घ्यावा का?

घ्यावा, पण दुसऱ्या शाखेचं माप तिच्या अटींसकट घ्यावं. कार्बन-१४ चं उदाहरण घ्या. अर्धायुष्य (त्यातला निम्मा कार्बन-१४ उरायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं, उपयोग साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. प्रयोगशाळा जे वय देते त्यातलं ‘आजपूर्वी’ म्हणजे १९५० पूर्वी, आणि ± चा आकडा सहसा ६८ टक्के खात्रीचा. हे वय थेट सन म्हणून लिहायचं नसतं. आधी ते अंशांकन वक्रावर, म्हणजे मोजलेलं वय आणि प्रत्यक्ष वर्षं यांचा मेळ घालणाऱ्या आलेखावर, बसवावं लागतं. शिवाय कोळशाचं वय म्हणजे लाकडाचं वय; चूल पेटली त्याच्या दोनशे वर्षं आधी झाडाचा गाभा वाढलेला असू शकतो. म्हणून जळकं धान्य मिळालं तर तेच पाठवावं. समुद्री मासे खाणाऱ्या माणसांची हाडं शेकडो वर्षं जुनी भासतात, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बनच ‘जुना’ असतो. अहवालातला आकडा नुसता उचलून प्रकरणात टाकला की यातलं सगळं निसटतं.

विषय निवडताना सुरुवात कुठून करावी?

‘समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम’ हा विषय नाही, ते क्षेत्र आहे. त्यातून कोण, कुठली सवय, कुठलं मापन आणि कुठला काळ हे बांधून घ्या: १३ ते १५ वर्षांची मुलं झोपण्याआधीच्या तासात फोन वापरतात त्या रात्री, न वापरलेल्या रात्रींपेक्षा, किती उशिरा झोपतात? मग पुरावा प्रत्यक्ष हाती येईल का, ते दोन-तीन आठवड्यांत तपासा: दप्तर उघडं आहे का, ती लिपी वाचता येते का, यंत्र मोकळं मिळेल का. पाच जणांवर प्रश्नावलीची चाचणी घ्या. निदान एक प्रश्न कुणालाच कळलेला नसतो.

संदर्भ शोधताना भाषिक प्रारूपाची (चॅटबॉटमागच्या एआय प्रणालीची) मदत घेतलीत तर त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहा. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख अस्तित्वातच नाही, असं घडतं.

माहिती आणि फाइली कशा सांभाळाव्यात?

मूळ आकड्यांची फाइल ‘फक्त वाचनासाठी’ करून ठेवा आणि काम नकलेवर करा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

स्प्रेडशीटवर आंधळा विश्वास नको. २०१० च्या एका गाजलेल्या अर्थशास्त्रीय लेखात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ते उघड झालं २०१३ मध्ये, एका विद्यार्थ्यानं मूळ फाइल मागवून पाहिली तेव्हा. ‘सप्ट२’, ‘मार्च१’ अशा जनुकनामांचं एक्सेल परस्पर तारखांत रूपांतर करत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली. तुमच्या फाइलीत असे स्तंभ असतील तर आकडे भरण्याआधी त्यांचं स्वरूप ‘मजकूर’ असं निवडून ठेवा. एकदा रूपांतर होऊन फाइल जतन झाली की मूळ नाव परत मिळत नाही.